लोखंडाखालचं ‘हं’

प्रल्हाद ‘हं’ म्हणाला होता आणि मी ते ऐकलं होतं. ऐकूनही मी हात पुढे केला नाही. नंतर ज्याने ज्याने विचारलं त्याला सांगत राहिलो, की मला वाटलं तो श्वास सोडतोय. सगळ्यांना ते पटलं. प्रल्हादलाही पटलं. चूक माझी होती, आणि ती ऐकण्यातली नव्हती, एवढं आधीच लिहून ठेवतो. नाहीतर थंडीचं, पेरूंचं, वस्तादांचं वर्णन करत करत मी पुन्हा स्वतःला कुठेतरी लपवून ठेवीन. ती सवय मला जुनी आहे.

यंदा थंडी लवकर आली. द्राक्षवाल्यांनी बागांतून शेकोट्या पेटवायला सुरुवात केली आहे आणि सकाळी फिरायला निघालं की हवेत त्या धुराचा ओलसर वास असतो. नाशिकरोडला आमच्या घराच्या वाटेवर एका नव्या इमारतीच्या तळमजल्यावर व्यायामशाळा निघाली आहे. भिंतभर आरसे, लाल रेक्झीनचे बेंच. दार लावलेलं असतं, पण प्लेटांचा आवाज रस्त्यापर्यंत येतो. लोखंड उन्हाळ्यात बसक्या आवाजात बोलतं. थंडीत त्याला कंठ फुटतो. मी तिथे थांबतो. स्वेटरच्या खिशात हात घालून ऐकत राहतो. उचललेला बार परत कडीवर गेल्याचा ‘ठण्’ आला की बरं वाटतं. यायला उशीर झाला तर तो येईपर्यंत मी पाऊल उचलत नाही.

“तिथं काय थांबता हो रोज?” बायको विचारते. “ती पोरं हसत असतील तुम्हाला.”

“दम लागतो,” मी म्हणतो. हेही खोटंच.

आमच्या वेळची व्यायामशाळा एकलहऱ्याच्या बाजूला, पत्र्याच्या एका शेडमध्ये होती. मी वीजकेंद्रात फिटर होतो. अंबडला तेव्हा नुसता खडकाळ माळ होता. पुढे तिथल्याच एका कारखान्यात मी रमेन असं कोणी सांगितलं असतं तर हसलो असतो. पाळी सुटली की मी तडक शेडमध्ये जायचो. चिमणीचा धूर थंडीत वाकडा होत नाही, सरळ वर जातो. त्या धुराकडे बघत सायकल मारायची, शेडच्या दाराशी चपला काढायच्या आणि गार जमिनीवर पाय ठेवताच ‘स्स’ करायचं, इथून संध्याकाळ सुरू व्हायची. व्यायाम थंडीतच सुरू करावा, अंगी लागतो, असं तेव्हा सगळेच मानायचे. त्यामुळे दिवाळी झाली की शेड गच्च भरायची आणि होळीपर्यंत पुन्हा रिकामी व्हायची. आत एका कोनाड्यात मारुती, त्याच्या पायाशी शेंदराची वाटी, शेजारी खोबरेल तेलाची बाटली. तेल थंडीत गोठायचं. ती बाटली काखेत धरून बसणं हे नव्या पोराचं पहिलं काम.

बेंच आम्हीच केला होता. जुन्या पाइपांचा सांगाडा, वर सागाची फळी, फळीवर गोणपाट. बार म्हणजे भंगारातला शाफ्ट; फळीवर उताणं झोपून तो छातीवरून वर ढकलायचा. प्लेटा कुठून कुठून जमवलेल्या. एकसारख्या दोन सापडणं मुश्कील. उजवी बाजू नेहमी किंचित जड राहायची आणि आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती, की सरळ बार कोणी दिला असता तर आम्ही तो वाकडा उचलला असता.

शिकवायला रंगनाथ वस्ताद. ते मूळचे मातीतले पैलवान. बेंच शेडमध्ये आला तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला होता. “झोपून माणूस बाप होतो रे, पैलवान नाय होत!” पण पोरांचं वेड बघून त्यांनी लष्करातून सुट्टीवर आलेल्या कोणाकडून तरी ते तंत्र नीट शिकून घेतलं, आणि एकदा शिकल्यावर इतक्या कडकपणे शिकवलं, की अजून मला झोपेतही ते म्हणता येईल. टाचा जमिनीत रोवायच्या. ढुंगण फळीवरून सुटलं की उठून घरी जायचं. पाठीचे फरे एकमेकांना भेटवायचे, मधे सुपारी धरलीय असं समजून. अंगठ्याने बारला मिठी मारायची, तो मोकळा सोडायचा नाही. मनगट मोडायचं नाही. कोपरं पंखांसारखी फाकवायची नाहीत, “तू काय कोंबडा हाय का?” बार गळ्याकडे नाही, छातीच्या खालच्या कडेला उतरवायचा. उतरवताना श्वास घ्यायचा, चढवताना सोडायचा. आणि तो आपटायचा नाही, टेकवायचा. “निजलेल्या लेकरावर गोधडी टाकतो ना, तसा,” हे सांगताना वस्तादांचा तो राकट, मोडक्या कानाचा चेहरा एकदम मऊ व्हायचा.

हे झालं झोपणाऱ्याचं. डोक्यामागे जो उभा राहतो त्याचंही तंत्र असतं. त्याला आम्ही ‘सपोर्ट’ म्हणायचो. वजन जड असलं की कोणीतरी हाक द्यायचा, “सपोर्टला ये रे!” सपोर्टवाल्याने बारखाली तळवे धरायचे, पण बोटभर अंतर ठेवून. बारला स्पर्श झाला की तो दम, म्हणजे तेवढी एक उचल, बाद. नुसतं बोट लागलं तरी शेडभर ओरडा व्हायचा, “लागला, लागला! दोघांनी मिळून मारला!” त्यामुळे विचारल्याशिवाय हात लावणं म्हणजे माणसाचा अपमान. वस्तादांनी बार वर असताना बोलायची बंदी केली होती. बोललं की श्वास जातो, श्वास गेला की छाती बसते. म्हणून सपोर्टवाल्याने विचारायचं, “लावू?” आणि खालच्याने तोंड न उघडता सांगायचं. ‘हं’ म्हणजे लाव. ‘अंहं’ म्हणजे थांब, माझं मी बघतो.

आपल्या भाषेत या ‘हं’वर किती ओझं आहे, याचा मी नंतर फार विचार केला. गोष्ट सांगणारा ऐकणाऱ्याच्या ‘हं’साठी थांबतो. निघालेल्या माणसाला आपण ‘सांभाळून हं’ म्हणतो. कळलं नाही तर ‘हं?’, पटलं तर ‘हं’, कंटाळा आला तरी ‘हं’च. अक्षर एक, तेही पुरतं नाही. त्यात भर म्हणजे बार वर ढकलताना श्वास सोडायचा तोही नाकातून असाच निघतो. बाहेरच्या माणसाला तो सगळा एकच आवाज. पण जो रोज मागे उभा राहतो त्याला फरक कळतो. श्वासाचा ‘हं’ बारबरोबर वर चढतो. मागण्याचा ‘हं’ आहे तिथेच राहतो.

प्रल्हाद पगारे आमच्याकडे रोजंदारीवर हेल्पर होता. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान. जवळच्याच वस्तीत राहायचा, वडील नव्हते, आई नाशिकरोड स्टेशनबाहेर पेरू विकायची. मॅट्रिक झालेला आणि पोलिसात जायचं एवढं एकच डोक्यात. उंची भरपूर, पळण्यात हरणासारखा, पण छाती भरत नव्हती. भरतीत छाती मोजतात, आधी साधी आणि मग फुगवून. कॉलनीतल्या शिंप्याच्या टेपने आम्ही मोजली तर दोन बोटं कमी.

“फुगव की,” मी म्हणालो.

“फुगवलीय, दत्ताभाऊ.”

“ही फुगवलेली? मग रिकामी असते तेव्हा कुठं जाते?”

शिंपी हसता हसता टेप सोडून बसला. प्रल्हादही हसला, तोंड मिटून. तो बोलायचाच कमी. कामावर त्याला ‘मौनीबाबा’ म्हणायचे. काही विचारलं की ‘हं’, नाहीतर ‘अंहं’. मीच त्याला शेडमध्ये घेऊन गेलो. “एक थंडी मला दे,” म्हणालो, “छाती भरून देतो.” हे वाक्य मी मोठ्या थाटात म्हणालो होतो. कोणाला काही शिकवण्याची माझी ती पहिलीच वेळ.

शेडमध्ये त्याला कोणी ये म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. मारुतीपुढे सगळे हात जोडायचे तेव्हा तो बाजूला शांत उभा राहायचा. त्यावर कोणी काही बोलल्याचं मला आठवत नाही. पण त्याची पाळी आली आणि “सपोर्टला या” अशी हाक गेली, की कोणाची तरी नाडी सुटलेली असायची, कोणाला तहान लागलेली असायची, कोणी प्लेटा मोजायला लागायचा. कारण विचारलं असतं तर एकानेही सांगितलं नसतं. दोन-तीन दिवस हे बघून मी त्याच्या मागे उभा राहिलो, आणि मग रोज मीच राहिलो. तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता. आज वाटतं, त्याच्यामागे दुसरा कोणीही उभा राहिला असता तर बरं झालं असतं.

आणि तो शिकला! काय सुंदर शिकला. इतकं नीट बेंच मारणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. गोणपाटावर पाठ टेकली की तो आधी डोळे मिटायचा, फरे आवळायचा, एकेक बोट बारवर ठेवायचा, जणू पेटीच्या पट्ट्याच. बार उतरायचा तो पाण्यात उतरल्यासारखा. वर जाताना ‘हं’. पुन्हा खाली, पुन्हा ‘हं’. वस्ताद लांबून बघायचे आणि दुसऱ्या पोरांना म्हणायचे, “बघा त्याच्याकडं. लोखंडाला त्रास देत नाय तो.” आई त्याच्यासाठी टोपलीतले मऊ पडलेले पेरू राखून ठेवायची. ते तो शेडमध्ये आणायचा आणि आम्ही मीठ लावून खायचो. आधी मी एकटा. मग वास सुटला की बाकीचेही. पेरूला कोणी नाही म्हणत नव्हतं.

रविवारी शिंप्याकडे. एक बोट उरलं. मग अर्धं. संक्रांतीच्या सुमाराला छाती पहिल्यांदा मापाला पुरली तेव्हा शिंप्याने आम्हाला तिळाच्या वड्या दिल्या, आणि प्रल्हाद त्या छातीशी धरून उभाच राहिला. श्वास सोडला तर छाती कमी होईल अशी भीती वाटत असावी.

तिथेच थांबायला हवं होतं. छाती भरली होती. पण मला ती शेडला दाखवायची होती.

तो शनिवार होता. मारुतीला नारळ फुटला होता, सगळ्यांच्या हातात खोबरं होतं. मी मोठ्या आवाजात सांगितलं, की आज प्रल्हाद मोठ्या प्लेटा मारणार. त्याला मी आधी विचारलंही नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि ‘हं’ म्हणाला.

सुदाम म्हणून एक होता, माझ्याच पाळीतला. सगळ्यांची टिंगल करायचा, स्वतःचीसुद्धा. तोंडातलं खोबरं चावत म्हणाला, “पगारे मारणार कशाला म्हणतो? तू मागं उभा म्हंजे अर्धं तूच मारणार की, दत्तू. लग्न त्याचं आन् वरातीत घोड्यावर तू.”

सगळे हसले. मी चिडलो. “हे बघ,” म्हणालो आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. “हातच नाही. आता बोल.”

वस्ताद दुसऱ्या नारळाची शेंडी सोलत दाराशी बसले होते. त्यांनी मान वर केली असती तर मला आईवरून शिवी घातली असती. मान त्यांनी वर केली नाही, आणि इतकी वर्षं मी त्यांच्यावरही मनातल्या मनात थोडा राग धरून होतो. चूक वाटून घ्यायला माणूस किती जणांना हाका मारतो.

प्रल्हादने बार काढला. नेहमीसारखाच उतरवला. वर, ‘हं’. पुन्हा, ‘हं’. सुदामचं चावणं थांबलं. मला त्या क्षणी जे वाटलं त्याला मी अजून नाव देऊ शकलेलो नाही. आनंदच होता, पण त्याच्यासाठी नव्हता. पुढच्या वेळी बार अर्ध्यावर आला आणि थांबला. उजवी बाजू थरथरू लागली.

“लावू?” मी विचारलं.

“हं.”

तो आवाज बारबरोबर वर चढला नाही. आहे तिथेच राहिला. त्याने डोळे उघडून उलटं वर माझ्याकडे बघितलंही. मी सुदामकडे बघितलं. सुदाम माझ्या हातांकडे बघत होता. मला वाटलं, अजून एक क्षण. जाईल वर. आता हात लावला तर सगळे ओरडतील. मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो, की ते त्याला हसतील म्हणून मी थांबलो. ते खरं नाही. ते मला हसले असते.

मग उजवी बाजू गेली. प्लेटा घसरून पडल्या, बार तिरका होऊन मागे गेला आणि त्याच्याबरोबर त्याचा हात. खांद्यातून जो आवाज आला तो लोखंडाच्या आवाजात मिसळला, पण मला वेगळा ऐकू आला. मला ऐकू फार चांगलं येतं. हीच तर माझी अडचण आहे.

“अरे, हात का नाय लावला?” वस्ताद धावत येऊन ओरडले.

“मला वाटलं, श्वास सोडतोय.”

तोंडातून ते इतकं सहज आलं, की मला स्वतःलाही क्षणभर खरं वाटलं. सुदाम म्हणाला, “हां, तो तसंच करतो प्रत्येक येळेला.” झालं. साक्षीदारही मिळाला.

दवाखान्यात नेताना टांग्यात मी आणि तो दोघंच मागे. गार वारा होता. माझं स्वेटर त्याच्या अंगावर टाकलेलं, उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्याच कोणाचा असावा तसा. घोड्याच्या टापांबरोबर त्याचा चेहरा कळवळत होता. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “दत्ताभाऊ, माझंच चुकलं. मी हं नीट नाही म्हणालो.”

मी काय बोलायला हवं होतं ते आज मला लेखी देता येईल. तेव्हा मी त्याच्या गुडघ्यावर थोपटलं आणि म्हणालो, “असू दे.”

असू दे. मी त्याला माफ केलं.

खांदा बसवला, पण आतलं काही तुटलं होतं ते तसंच राहिलं. मी रोज त्याच्या घरी जायचो. त्याची आई मला चुलीजवळ बसवायची. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, “तू नगं जिवाला लावून घिऊ, दत्तू. ल्हानपणापासून ह्याला बोलायचा लय कंटाळा. तोंडातल्या तोंडात. मी म्हणायची, एक दिवस ह्ये भोवंल तुला.” आणि भाकरी माझ्या ताटात टाकली, वर तेल-चटणी घातली. मी खाल्ली. त्या घरात बसून मी काय करू शकत होतो? उठून जाता येत नव्हतं, खरं बोलता येत नव्हतं. चुलीकडे बघत बसायचो. लाकूड ओलं असलं की बरं वाटायचं. धुराने डोळ्यांत पाणी आलं तर कोणी विचारत नाही.

होळीनंतर भरती निघाली. त्याने हट्टाने अर्ज भरला. मी त्याच्याबरोबर मैदानावर गेलो, दोरीबाहेर उभा राहिलो. पळण्यात तो पहिल्या काहींत आला. छाती मोजली आणि भरली. टेपवाल्याने आकडा पुकारला तेव्हा त्याने इतक्या लांबून वळून मला शोधलं आणि हसला. मग गोळाफेक. गोळा त्याने डाव्या हाताने उचलून उजव्यात ठेवला, मानेपाशी नेला. गोळा त्याच्या पायाजवळच पडला. तिथला हवालदार चांगला होता. “पोरा, दुखतंय का?” त्याने विचारलं. प्रल्हादने ‘नाही’ अशी मान हलवली. परत येताना बसमध्ये तो म्हणाला, “पुढच्या वर्षी बघू.” पुढच्या वर्षी भरती निघाली नाही, आणि निघाली तोवर त्याचं वय निघून गेलं होतं.

मी नंतर बार हातात धरला नाही. शेडकडे जायचं बंद केलं, मग नोकरीही बदलली आणि अंबडला आलो. कारखान्यातली पोरं मला विचारतात, “मामा, तुम्ही मारायचे ना बेंच? सांगा की कसा धरायचा.” मी सांगतो. टाचा, फरे, अंगठा, कोपरं, श्वास. वस्तादांचे शब्द जसेच्या तसे. मागे उभं कसं राहायचं ते सांगायची वेळ आली की मला काहीतरी काम आठवतं.

प्रल्हाद एका शाळेत शिपाई झाला. घंटा डाव्या हाताने वाजवतो. वर्गात नकाशा टांगायचा असेल तर एखाद्या उंच मुलाला हाक मारतो. मी त्याच्या शाळेवर पुष्कळदा गेलो आहे. सांगायचंच असं ठरवून जायचो. व्हरांड्यात स्टुलावर बसायचो, तो चहा मागवायचा, मी सुरुवात करायचो, “प्रल्हाद, ते आपलं शेडमधलं...” आणि तो म्हणायचा, “काय दिवस होते, दत्ताभाऊ! तुम्ही नसता तर मला कोणी आत उभं केलं नसतं.” यापुढे बोलायचं कसं? तास संपायचा, तो घंटेकडे जायचा, मुलं बाहेर सांडायची आणि मी त्या गोंगाटात चप्पल शोधायचो. त्याच्या लग्नात त्याने बायकोला माझी ओळख करून दिली ती “हे माझे गुरू” अशी. मी जेवलो नाही. पोट बिघडलंय म्हणालो.

मागच्या रविवारी दुपारी त्याच्या घरी गेलो. काही ठरवलं नव्हतं. थंडीचं ऊन अंगणात आलं होतं आणि तो त्यात पाट टाकून बसला होता; मलाही त्याने शेजारी एक पाट दिला. त्याची मुलगी उंबऱ्यात बसून पाटीवर काही लिहीत होती. पहिली-दुसरीतली असेल.

“काकांना पाणी दिलंस का गं?” त्याने विचारलं.

“हं,” ती लिहिता लिहिता म्हणाली.

“हं काय?” त्याचा आवाज एकदम चढला. इतक्या वर्षांत मी त्याचा असा आवाज ऐकला नव्हता. “किती वेळा सांगितलं? तोंड उघड. हो म्हण.”

“हो,” ती दचकून म्हणाली. पाटीवरची पेन्सिल थांबली.

“आमच्या घरात हं बंद आहे, भाऊजी,” आतून त्याची बायको म्हणाली. “मी म्हणाले तरी ओरडतात.”

प्रल्हाद माझ्याकडे वळून हसला, थोडा ओशाळून. “तुम्हाला तर माहितीच आहे, दत्ताभाऊ. मी नीट बोललो असतो तर आज कुठे असतो! शाळेतल्या मुलांनाही सांगतो मी. म्हणतो, बघा, एका हंपायी हात गेला माझा. लहानपणीच सवय लावून दिलेली बरी. माझ्यासारखं नको व्हायला.”

पोरगी आमच्याकडे बघत नव्हती. ओठ हलवून मनातल्या मनात ‘हो, हो’ म्हणत होती. मी ते बघितलं, आणि माझ्या लक्षात आलं, की खोटं माझ्यापाशी राहिलंच नव्हतं. ते या घरात राहायला आलं होतं.

“प्रल्हाद,” मी म्हणालो, “मला कळलं होतं.”

“काय?”

“तू लाव म्हणालास ते. मला कळलं होतं.”

तो हसतच होता, पण ते हसू आता नुसतं चेहऱ्यावर राहून गेलं होतं. त्याची बायको चहा घेऊन दारात आली आणि तिथेच थांबली. मग त्याने विचारलं, आणि अगदी हळू विचारलं, “मग हात का नाही लावला?”

काहीतरी मोठं कारण असतं तर बरं झालं असतं. वैर असतं, मत्सर असता. मी म्हणालो, “सुदाम बघत होता.”

त्याने डाव्या हाताने उजवा खांदा धरला. मला काहीही बोलला असता तर मी ऐकून घेतलं असतं. मी पाटावरून उठलो, म्हणजे उठून उभं राहावं असं वाटलं, कारण बसून बोलायची ती गोष्ट नव्हती.

“तुझं हं अगदी स्पष्ट होतं,” मी म्हणालो. “तू चुकला नव्हतास. मी चुकलो. त्या दिवशी चुकलो, आणि टांग्यात तू माझी माफी मागितलीस आणि मी घेतली, तेव्हा त्याहून जास्त चुकलो. मला माफ करणं न करणं तुझ्यावर आहे. पण पोरीला आता ‘हं’वरून बोलू नकोस.”